आसनांच्या आधीचा योग

दर वर्षी २१ जूनला शाळांची पटांगणं, पोलीस मैदानं आणि सोसायट्यांच्या गच्च्या चटयांनी भरून जातात. ताडासन, त्रिकोणासन, भुजंगासन आणि शेवटी शवासन असा क्रम चालतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनं डिसेंबर २०१४ मध्ये हा दिवस जाहीर केला आणि २०१५ पासून तो जगभर पाळला जातो. या कार्यक्रमांत एक नाव हमखास घेतलं जातं, ते पतंजलींचं. योगाचे जनक म्हणून त्यांना वंदन होतं आणि मग हातपाय ताणायला सुरुवात होते.

त्याच पतंजलींचं योगसूत्र उघडून पाहिलं की मात्र कोडं पडतं. चार पादांत, म्हणजे प्रकरणांत, मिळून १९५ सूत्रं आहेत. काही पाठांत १९६. त्यांतली आसनाविषयीची सूत्रं अवघी तीन आणि त्या तिन्हींत एकाही आसनाचं नाव नाही. ताडासन नाही, शीर्षासन नाही, सूर्यनमस्कार तर नाहीतच. आसन कसं असावं, ते कसं साधतं आणि साधल्यावर काय होतं, एवढं सांगून ग्रंथ श्वासाकडे वळतो. यम-नियमांना, म्हणजे वागणुकीच्या नियमांना, मात्र त्यानं तब्बल १६ सूत्रं दिली आहेत.

मग उरलेल्या सूत्रांत आहे तरी काय? आणि आज आपण ज्याला सर्रास योग म्हणतो, ते आलं कुठून? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात मिळतं आणि तेही रंजक आहे. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर अधिक मोलाचं आहे असं मला वाटतं, म्हणून या लेखातली बरीचशी जागा त्यालाच दिली आहे.

पतंजलींच्याही आधी

योग एका माणसानं एका दिवशी शोधून काढलेला नाही. परंपराही आद्य वक्ता म्हणून हिरण्यगर्भाचं नाव घेते, पतंजलींचं नव्हे. पतंजलींचं मोठेपण मांडणीत आहे. आधीपासून चालत आलेल्या साधना आणि त्यांच्यामागचा विचार त्यांनी एका सुसंगत शास्त्रात बसवला.

सुरुवात किती मागे न्यायची? मोहेंजोदडोच्या उत्खननात १९२८-२९ मध्ये एक छोटी मुद्रा सापडली. तिच्यावर डोक्यावर शिंगं असलेली, पाय दुमडून बसलेली आकृती आहे. पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांनी तिच्यात योगी शिवाचं आद्य रूप पाहिलं आणि तेव्हापासून ‘योग पाच हजार वर्षांचा’ हे वाक्य रूढ झालं. पण सिंधू संस्कृतीची लिपी अजून वाचता आलेली नाही आणि नुसतं पाय दुमडून बसण्यावरून ध्यान सिद्ध होत नाही. या एका मुद्रेवर योगाचं वय टांगून ठेवण्याची गरजही नाही, कारण ग्रंथांतला पुरावा त्याशिवाय भरपूर आहे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात केस वाढवलेल्या, वाऱ्यासारख्या भटकणाऱ्या मुनींचं एक सूक्त आहे. त्यानंतर काही शतकांनी गंगेच्या खोऱ्यात घर सोडून हिंडणारे श्रमण दिसू लागतात. यज्ञ करून स्वर्ग मिळेलही, पण तिथूनही परत यावं लागणार असेल तर उपयोग काय, असा त्यांचा प्रश्न होता. महावीर आणि बुद्ध याच वातावरणातले. घर सोडल्यावर बुद्ध आधी आळार कालाम आणि मग उद्दक रामपुत्त या दोन आचार्यांकडे ध्यान शिकले, असं पाली ग्रंथ सांगतात. म्हणजे ध्यानाच्या पद्धतशीर पायऱ्या शिकवणारे गुरू त्या काळी होते आणि त्यांच्याकडे शिष्य येत होते. एवढी गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे: योगाच्या उगमाशी वैदिक, बौद्ध आणि जैन असे तिन्ही प्रवाह आहेत आणि तिघांनी एकमेकांकडून घेतलेलं आहे. आठव्या शतकातल्या हरिभद्र या जैन आचार्यांनी तर योगाच्या निरनिराळ्या पंथांची सहानुभूतीनं तुलना करणारा ग्रंथच लिहिला.

उपनिषदांत कठोपनिषद महत्त्वाचं. मृत्यूच्या दारात बसून यमाला प्रश्न विचारणारा नचिकेत त्यातलाच. इंद्रियं स्थिर धरून ठेवणं म्हणजे योग, अशी स्पष्ट व्याख्या तिथे पहिल्यांदा भेटते. श्वेताश्वतर उपनिषद तर साधकाला व्यवहाराच्या सूचना देतं: जागा सपाट आणि स्वच्छ असावी, खडे-वाळू नसावी, वारा लागू नये, छाती, मान आणि डोकं सरळ रेषेत असावं. मैत्री उपनिषदात योगाची सहा अंगं मोजलेली आहेत.

आणि मग गीता. हा प्रवास गीतेपाशी मोठं वळण घेतो. आतापर्यंत योग करायचा तर घर सोडायचं, अशीच समजूत होती. गीतेनं योग अरण्यातून रणांगणावर आणला. सहाव्या अध्यायात आसन फार उंच नको, फार खाली नको, खाणं-झोपणं बेताचं असावं, अशा साधनेच्या सूचना आहेतच. पण तिचा खरा भर आहे तो काम करता करता मन समतोल ठेवण्यावर. संसारी माणसालाही योग साधतो, हा विश्वास इथून पुढे रुजला.

योगसूत्राचा काळ यानंतरचा. बरेचसे अभ्यासक तो इसवी सनाच्या पहिल्या चार-पाच शतकांत धरतात. त्यावरचं व्यासांचं भाष्य इतकं चिकटून आलेलं आहे की सूत्रं समजून घ्यायची तर ते वाचावंच लागतं. अकराव्या शतकात अल्-बिरूनीनं हा ग्रंथ अरबी भाषेत नेला.

रोग, कारण, आरोग्य, औषध

योगाचा आरंभ दुःखापासून होतो. माणूस दुःखी का होतो आणि ते दुःख मुळापासून जाऊ शकतं का, हा या शास्त्राचा प्रश्न आहे. व्यासभाष्यात त्याची मांडणी चिकित्साशास्त्राच्या धर्तीवर केली आहे. वैद्य चार गोष्टी पाहतो: रोग, रोगाचं कारण, आरोग्य आणि औषध. तसंच योगशास्त्रही चार गोष्टी पाहतं: टाळायचं दुःख, त्याचं कारण, त्यापासूनची सुटका आणि सुटकेचा उपाय. बुद्धांची चार आर्यसत्यं ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे साम्य लगेच जाणवेल.

कारण कोणतं? इथे योग सांख्य दर्शनाचा आधार घेतो. सांख्य म्हणतं, विश्वात मुळात दोन प्रकारचं अस्तित्व आहे. एक पुरुष, म्हणजे शुद्ध जाणीव. ती काही करत नाही, फक्त पाहते. दुसरी प्रकृती, म्हणजे जे जे बदलतं, घडतं, दिसतं ते सगळं. प्रकृती सत्त्व, रज आणि तम या तीन गुणांची बनलेली आहे. सत्त्वात प्रकाश आहे, रजात हालचाल आणि तमात जडपणा. प्रकृतीची २४ तत्त्वं आणि २५ वा पुरुष, असा सांख्यांचा हिशेब आहे.

या मांडणीतला धक्का देणारा भाग पुढे आहे. दगड, पाणी, झाड हे प्रकृतीत येतं, हे कुणालाही पटेल. पण योगाच्या मते मन, बुद्धी आणि ‘मी’ म्हणणारा अहंकार हेही प्रकृतीतच येतात. मन सूक्ष्म आहे, पण जाणीव त्याची स्वतःची नाही. विचार ही मनात घडणारी घटना आहे आणि ती पाहणारा तिच्याहून वेगळा आहे. राग आला की आपण ‘मी रागावलो’ म्हणतो. योग म्हणतो, राग मनात उठला आणि तो उठलेला तुला कळला. ज्याला कळला त्याला राग आलेला नाही. पाहणारा आणि पाहिलं जाणारं यांची गल्लत होणं, हेच दुःखाचं मूळ. तिला अविद्या असं नाव आहे. ही गल्लत फिटते ती विवेकानं, म्हणजे दोन्ही वेगळे असल्याच्या स्पष्ट आणि न डळमळणाऱ्या अनुभवानं.

हे तत्त्वज्ञान पटो न पटो, त्यातून निघालेलं मनाचं निरीक्षण विलक्षण बारीक आहे.

मनात नेमकं काय चालतं?

मनात सतत काही ना काही उठत असतं. त्या प्रत्येक हालचालीला वृत्ती म्हणतात. या वृत्ती शांत करणं म्हणजेच योग, अशी पतंजलींची व्याख्या आहे. वृत्ती अगणित असल्या तरी त्यांचे प्रकार पाचच, असं ते सांगतात. रोजच्या प्रसंगात ते सहज ओळखता येतात.

समजा, तुम्ही जुन्या मैत्रिणीला मोबाइलवर निरोप पाठवला. दोन निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आलं नाही. निरोप वाचला गेला हे खरं ज्ञान झालं, ते प्रमाण. ‘ती माझ्यावर चिडली आहे’ असं तुम्ही ठरवून टाकलंत, प्रत्यक्षात ती दवाखान्यात रांगेत बसली आहे. हे चुकीचं ज्ञान, विपर्यय. मग मनातल्या मनात तिच्याशी भांडण सुरू झालं, तिची वाक्यंही तुम्हीच रचलीत. त्या शब्दांमागे वस्तू काहीच नाही, हा विकल्प. तेवढ्यात चार वर्षांपूर्वी लग्नात तिनं धड बोललंही नव्हतं, हे आठवलं, ही स्मृती. रात्री थकून झोप लागली. पतंजली झोपेलाही वृत्तीच मानतात, कारण उठल्यावर ‘छान झोप लागली’ असं आपण सांगू शकतो, म्हणजे तिचाही अनुभव मनात नोंदला गेलेला असतो.

पाचांपैकी खरं ज्ञान एकच होतं आणि त्याचा त्रास काहीच नव्हता.

उरलेल्यांना जोर कुठून मिळतो? त्यासाठी पाच क्लेश सांगितले आहेत. पहिला अविद्या. दुसरा अस्मिता, म्हणजे मनालाच ‘मी’ समजणं. तिसरा राग, इथे राग म्हणजे संताप नव्हे, सुखाची चटक. चौथा द्वेष, दुःख देणाऱ्याविषयीचा तिटकारा. पाचवा अभिनिवेश, म्हणजे जगण्याला धरून राहण्याची, मरणाला भिण्याची वृत्ती; ती विद्वानांनाही सुटत नाही, असं पतंजली आवर्जून सांगतात. हे क्लेश नेहमी उघड दिसत नाहीत. कधी ते निद्रिस्त असतात, कधी क्षीण झालेले असतात, कधी दुसऱ्या क्लेशानं दडपलेले असतात, तर कधी पूर्ण उसळलेले. शांत वाटणारा माणूस एका शब्दानं का भडकतो, याचा उलगडा या चार अवस्थांतून होतो.

आणि प्रत्येक वृत्ती जाताना मागे ठसा ठेवून जाते. त्या ठशाला संस्कार म्हणतात. संस्कारातून पुन्हा तशीच वृत्ती उठते, वृत्तीनं संस्कार आणखी खोल होतो. हे चक्र फिरत राहतं.

दारं धरणारा शेतकरी

चक्र थांबवायचं कसं? चौथ्या पादात पतंजली शेतकऱ्याचा दाखला देतात. आपल्याकडे उसाला किंवा गव्हाला पाणी देणाऱ्याला ‘दारं धरतो’ म्हणतात. तो पाणी उचलून नेत नाही आणि ढकलतही नाही. एक वाफा भरला की खोऱ्यानं मातीचं दार फोडतो, दुसरं बुजवतो आणि पाणी आपोआप पुढच्या वाफ्यात शिरतं. साधनेचं कामही तेवढंच, असं पतंजलींना म्हणायचं आहे. साधना मनात नवं काही निर्माण करत नाही. आड येणारी माती ती बाजूला करते.

व्यासही मनाला दोन्ही दिशांना वाहणाऱ्या नदीची उपमा देतात आणि दोन उपाय जोडीनं का लागतात ते सांगतात. वर्षानुवर्षं एकाच बाजूला वाहून खोल झालेल्या पाटाचं तोंड बुजवायचं, हे वैराग्याचं काम. नव्या बाजूचं दार उघडून पाणी तिकडे वळतं ठेवायचं, हे अभ्यासाचं. नुसतं बुजवलं तर पाणी बांध फोडतं, नुसतं उघडलं तर जुन्या खोल पाटाकडेच ओढ राहते. अभ्यासाला पतंजलींनी तीन अटी घातल्या आहेत: तो दीर्घकाळ हवा, खंड न पडता हवा आणि आस्थेनं केलेला हवा. मनाला मुठीत धरून दाबण्याचा सल्ला ते देत नाहीत. योग म्हणजे विचार बंद पाडणं, अशा समजुतीनं पहिल्याच आठवड्यात ध्यान सोडून देणाऱ्यांनी हा शेतकरी जरूर लक्षात घ्यावा.

चौकट: पतंजलींच्या योगाची आठ अंगं
यम: इतरांशी वागण्याचे नियम. अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणं), ब्रह्मचर्य, अपरिग्रह (साठा न करणं).
नियम: स्वतःशी वागण्याचे नियम. शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान.
आसन: स्थिर आणि सुखकर बैठक.
प्राणायाम: श्वासाच्या गतीवर ताबा.
प्रत्याहार: इंद्रियं विषयांकडून आत वळणं.
धारणा: मन एका ठिकाणी बांधणं.
ध्यान: तिथेच त्याचा अखंड प्रवाह.
समाधी: ‘मी ध्यान करतो आहे’ हेही भान मावळून केवळ तो विषय उरणं.

यम सगळ्यांच्या आधी का, हे आता कळेल. खोटं बोललेल्या माणसाला बसल्या जागी ते खोटं सांभाळावं लागतं. कुणाचं ओरबाडून आणलं असेल तर त्याची राखण करावी लागते. भांडण, भीती, लपवाछपवी यांतून रोज नवे संस्कार तयार होत असताना डोळे मिटून बसण्यानं फारसं साधत नाही. म्हणून नीती ही इथे साधनेची पूर्वतयारी आहे आणि १६ सूत्रांचा हिशेबही तिथेच लागतो.

शरीरातून मनाकडे

तिसरं अंग आसन. त्याची जागा समजण्यासाठी पहिल्या पादातलं एक निरीक्षण पाहावं लागतं. साधनेत येणारे नऊ अडथळे पतंजली सांगतात; आजारपण, मरगळ, संशय, हलगर्जीपणा, आळस हे त्यांतले पहिले पाच. मन असं विखुरलं की त्याच्यासोबत चार गोष्टी येतात: दुःख, उदासी, शरीराची थरथर-चुळबुळ आणि विस्कळीत श्वास. म्हणजे अस्वस्थ मन शरीरात आणि श्वासात उतरतं, हे त्यांनी टिपलं होतं. परीक्षेच्या निकालाची वाट पाहणाऱ्याचा हलणारा पाय पाहिला तरी ते पटेल.

योगानं हीच वाट उलट दिशेनं वापरली. मनाला थेट हात लावता येत नाही, पण शरीर आणि श्वास यांना येतो. म्हणून आधी शरीर असं ठेवायचं की ते लक्ष मागणार नाही. आसन स्थिर हवं, नाहीतर मन हालचालीमागे जाईल. सुखकर हवं, नाहीतर दुखण्यामागे जाईल. ते साधतं प्रयत्न सैल केल्यानं आणि मन अनंतात विरघळू दिल्यानं, असं दुसरं सूत्र सांगतं. फळ तिसऱ्यात आहे: मग थंडी-उष्णतेसारखी द्वंद्वं त्रास देत नाहीत.

त्यानंतर श्वास. शरीरात आपोआप चालणाऱ्या क्रियांमध्ये श्वासाचं स्थान वेगळं आहे. तो आपण झोपलो तरी चालतो आणि ठरवलं तर बदलताही येतो. हृदयाचे ठोके हुकमानं कमी करता येत नाहीत, पण श्वास बदलला की तेही बदलतात. श्वास घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना संथ होतात, कारण हृदयाला आवर घालणाऱ्या मज्जातंतूचा प्रभाव उच्छ्वासात वाढतो. म्हणून उच्छ्वास लांबवला की शरीर विसाव्याकडे झुकतं. पतंजलींकडे नाडीचे आलेख नव्हते, तरी मन शांत करण्याच्या उपायांत श्वास बाहेर सोडणं आणि थोपवणं यांचा त्यांनी नेमका उल्लेख केला आहे.

प्रत्याहार ते समाधी हा पुढचा प्रवास आतला आहे. इथेच तिसऱ्या पादात सिद्धी येतात: दुसऱ्याच्या मनातलं कळणं, हत्तीचं बळ आणि असं बरंच काही. अनेकांची उत्सुकता याच भागावर खिळते. पतंजली मात्र बजावतात की बाहेर वळलेल्या मनाला या सिद्धी वाटल्या तरी समाधीच्या वाटेवर त्या अडथळाच आहेत. मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आलेले योगी चांगदेव आणि त्यांना सामोरी गेलेली चार भावंडं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी ६५ ओव्यांत उत्तर दिलं. त्या ‘चांगदेव पासष्टी’त सिद्धींचा बडेजाव नाही, पाहणारा आणि दिसणारं यांच्याचविषयी ती बोलते. फक्त सांख्यांनी जिथे दोन मानले, तिथे ज्ञानदेव अखेर एकच पाहतात.

शरीर पुढे आलं ते असं

पतंजलींच्या योगात शरीर नीट बसवून विसरायचं आहे. साधारण एक हजार वर्षांपूर्वी तंत्रमार्गातून वेगळा विचार पुढे आला: शरीर हेच साधनेचं क्षेत्र का असू नये? अकराव्या शतकातल्या ‘अमृतसिद्धी’ या बौद्ध तंत्राशी नातं असलेल्या ग्रंथात त्याची पद्धतशीर मांडणी दिसते. मस्तकातलं अमृत खाली झरून वाया जातं, ते बंध आणि मुद्रांनी, म्हणजे शरीर ठरावीक तऱ्हेनं आवळून-बांधून, रोखायचं, ही त्यामागची कल्पना. पुढे तिला कुंडलिनी, म्हणजे देहात सुप्त मानलेली शक्ती, जागवण्याच्या कल्पनेची जोड मिळाली. हाच हठयोग. नाथपंथानं तो देशभर नेला. पंधराव्या शतकात स्वात्मारामांनी ‘हठप्रदीपिका’ लिहिली. तिच्यात १५ आसनांचं वर्णन आहे, मयूरासनासारखं हातांवर तोललेलं आसन आहे आणि शवासनही आहे. नंतरच्या घेरंडसंहितेत ३२ आसनं झाली. पण स्वात्माराम सुरुवातीलाच सांगतात की हठयोग ही राजयोगाकडे, म्हणजे समाधीकडे, चढण्याची शिडी आहे.

या प्रवाहाशी मराठीचं नातं अगदी आतलं आहे. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव ही गुरुपरंपरा ज्ञानदेवांनी स्वतः नोंदवली आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, नेवाशाला सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात तिन्ही बंध आणि कुंडलिनीचं जागरण इतक्या तपशिलानं येतं की गीतेच्या मूळ श्लोकांत त्याचा मागमूसही नाही. या मार्गाला ते ‘पंथराज’ म्हणतात. हठप्रदीपिकेच्या सुमारे दीडशे वर्षं आधी लोकभाषेत झालेलं हे वर्णन योगाच्या इतिहासात फार मोलाचं आहे आणि त्याची पुरेशी दखल आपणही घेत नाही, याचं वाईट वाटतं.

लोणावळा, औंध, म्हैसूर, पुणे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुशिक्षितांत हठयोगाची प्रतिष्ठा घसरली होती. विवेकानंदांनी १८९६ च्या ‘राजयोग’ या पुस्तकात पतंजलींना जगापुढे आणलं, हठयोग मात्र बाजूला ठेवला. त्याच सुमारास दुसरीकडे बलोपासनेची लाट आली. तालमी, कवायती, छापील पुस्तकं, छायाचित्रं आणि देशासाठी शरीर कमावण्याची आस, या सगळ्यांच्या मेळातून आसनं नव्यानं पुढे आली.

यातला मोठा वाटा महाराष्ट्राचा आहे. नर्मदाकाठच्या माल्सरचे परमहंस माधवदास यांचे दोन शिष्य. त्यांतल्या योगेंद्रांनी १९१८ मध्ये मुंबईत संस्था काढली. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. वडोदऱ्याच्या प्रा. माणिकरावांकडे व्यायाम शिकलेल्या या माणसानं १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभारलं आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया क्ष-किरणांखाली पाहिल्या आणि नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे मोजून दाखवलं. योग तपासून पाहायचा असतो, ही दृष्टी त्यांची.

सूर्यनमस्कारांची वाट वेगळी. आपल्या तालमींत आणि घराघरांत ते व्यायाम आणि उपासना म्हणून चालत आले होते. हठप्रदीपिकेवर एकोणिसाव्या शतकात ‘ज्योत्स्ना’ ही टीका लिहिणाऱ्या ब्रह्मानंदांनी तर पुष्कळ सूर्यनमस्कार घालणं हे शरीराला शिणवणाऱ्या गोष्टींत मोजलं आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९२० च्या दशकापासून शाळांतून आणि पुस्तकांतून त्यांचा ध्यास घेऊन प्रसार केला. तिकडे म्हैसूरच्या राजवाड्यात टी. कृष्णमाचार्य मुलांना आसनं शिकवत होते. त्यांचं ‘योगमकरंद’ १९३४ चं. त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला शिकवायला आले आणि पुण्याचेच झाले. १९६६ मध्ये त्यांचं ‘लाइट ऑन योग’ आलं, १९७५ मध्ये पुण्यातली संस्था उभी राहिली आणि पट्टे, लाकडी ठोकळे, दोर यांच्या आधारानं आजारी, वयस्क माणसंही आसनं करू लागली. या आधारांना काहींनी नवी टूम म्हटलं. पण व्यासभाष्यातल्या आसनांच्या छोट्याशा यादीत ‘सोपाश्रय’ म्हणजे आधार घेऊन बसण्याचं आसन आहे आणि टीकाकारांनी तो आधार योगपट्ट्याचा असल्याचं सांगितलं आहे.

तेव्हा आज मैदानावर दिसणारी बरीचशी आसनं वयानं तरुण आहेत. त्यामुळे ती कमी प्रतीची ठरत नाहीत. पाठदुखी थांबली, झोप लागू लागली, तरी मोठं काम झालं. मात्र आसनं संपली की योग संपला, असं मानून चटई गुंडाळणाऱ्याच्या हाती आठांतलं एकच अंग लागलेलं असतं.

श्रद्धा हवीच का?

योग करायचा तर देव मानावा लागतो का, हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. पतंजलींचा ईश्वर जग निर्माण करणारा नाही. क्लेश आणि कर्म यांचा स्पर्श न झालेला तो एक विशेष पुरुष आहे, गुरूंचाही गुरू आहे आणि त्याला शरण जाणं हा समाधीचा एक मार्ग आहे. एकमेव नव्हे.

मन प्रसन्न आणि स्थिर करण्याचे उपाय पहिल्या पादात ओळीनं येतात. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, सज्जनाविषयी आनंद आणि दुर्जनाविषयी उपेक्षा, या चार भावनांपासून ही यादी सुरू होते. बौद्ध साधनेतही याच चार सापडतात. पुढे श्वास येतो, मग एखाद्या इंद्रियाच्या सूक्ष्म अनुभवावर मन ठेवणं, आतल्या शोकरहित प्रकाशावर ठेवणं, आसक्ती सुटलेल्या एखाद्या माणसाच्या चित्तावर ठेवणं, स्वप्नात किंवा झोपेत गवसलेल्या जाणिवेवर ठेवणं. प्रत्येक उपाय ‘किंवा’ म्हणून जोडलेला आहे. यादीच्या शेवटी पतंजली ज्याला जे आवडेल त्याचं ध्यान करायची मुभा देतात आणि व्यास तिचं कारण सांगतात: एका ठिकाणी स्थिर व्हायला शिकलेलं मन मग दुसरीकडेही स्थिर होतं.